नाटकातलं गाऱ्हाणं

तीन दिवसांचं प्रशिक्षण, रत्नागिरीत, तेही ऐन मे महिन्यात. विषय काय, तर जुनी अभिजात नाटकं वर्गात करून दाखवत शिकवायची. बावीस वर्षं मंडणगडच्या शाळेत मराठी शिकवतेय मी, आणि आता या वयात मला तोंडाला रंग फासायला लावणार, कर्म माझं! पण वरून पत्र आलं, झक मारत गेले. सोबत आमच्याच शाळेतले काशीराम सर. एसटीत ते शेजारी येऊन बसले तेव्हा मी खिडकीकडे तोंड फिरवलं. तीन वर्षं मी हेच करतेय.

का ते सांगूनच टाकते. तीन वर्षांपूर्वी शाळेची सहल हर्णेला गेली होती. सर आले नव्हते, मुलींची जबाबदारी माझ्याकडे होती. मुली पाण्याच्या कडेला खेळत होत्या, आणि मी त्यांना सोडून सुके बोंबील घ्यायला बंदराकडे गेले. चांगला अर्धा तास घासाघीस केली. परत आले तर काशीराम सरांची लेक श्रद्धा, नववीतली पोर, बुडालेली. चौकशीत मी लिहून दिलं की मी तिथेच उभी होते, ओरडून परत बोलावत होते, पण तिने ऐकलं नाही. बाकीच्या मुली भेदरलेल्या, कुणी उलट बोललं नाही. तेव्हापासून सर भेटेल त्याला सांगतात की माझी पोर ऐकायची नाही हो, हट्टी होती. हट्टी कसली! वर्गात तिच्याइतकी गरीब पोर नव्हती.

दुसऱ्या दिवशी आमचे प्रशिक्षक विनीत सर, पुण्याचा तिशीतला उत्साही माणूस, त्यांनी एक प्रवेश दिला. खोट्या साक्षीमुळे एका म्हाताऱ्याच्या लेकीला देहदंड झालाय. साक्षीदार कोण, त्याला ठाऊक नाही. तो भर दरबारात शाप देतो. दीड पानाचं भाषण, एकेक शब्द दगडासारखा. विनीत सर म्हणाले, पुस्तक मिटा आणि तुमच्या गावात हा बाप कसा बोलेल तसं बोला, तरच पोरांना कळेल.

काशीराम सरांची पाळी आली. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. एकाने सगळ्यांच्या वतीने देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला होकार भरायचा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सरांनी हात जोडले आणि त्यांचा आवाजच बदलला.

"बा देवा महाराजा, ज्या कुणी माझ्या लेकीविरुद्ध खोटं सांगितलं असेल, ते उजेडात येऊ दे."

"होय महाराजा," सगळा हॉल एका सुरात म्हणाला. विनीत सर खूश होऊन मोबाईलवर चित्रण करायला लागले.

"नाहीतर जसं माझं घर रिकामं झालं, तसंच त्याचं होऊ दे."

"होय महाराजा."

मीसुद्धा म्हटलं. जन्माची सवय, तोंड आपोआप उघडलं. आणि मग कळलं, आपण कशाला होय म्हटलं ते. टाळ्या वाजत होत्या आणि मी बाहेर पळाले.

वेदिकाला फोन लावला. माझी एकुलती एक, मुंबईला नर्सिंगला आहे. तर म्हणते, आई, आम्ही मैत्रिणी समुद्रावर चाललोय, इथे रेंज जाते, रात्री बोलू. मी अगं, अगं करतेय तोवर फोन कटला. नंतर सात वेळा लावला, लागला नाही.

जेवणाच्या सुट्टीत सर मागच्या अंगाला नळावर डबा धूत होते. मी जवळ गेले.

"सर, ते गाऱ्हाणं मागे घ्या."

ते हसले. म्हणाले, अहो बाई, नाटकातलं ते, पायात बूट ठेवून घातलेलं गाऱ्हाणं देवाला कुठलं पोचतंय. तेव्हाच मी गप्प बसायला हवं होतं. पण डोळ्यांपुढून माझी पोर हलेना.

"तरी घ्या. माझी एकच आहे हो."

त्यांचा हात थांबला. डबा भरून पाणी वाहायला लागलं. ते माझ्याकडे वळले.

"बाई, तुम्ही तिथेच होतात ना?"

हो म्हणायला काय लागत होतं! तीन वर्षं म्हणतच होते की. पण जमलं नाही. बोंबील घ्यायला गेले होते, असं मीच बोलून गेले.

सरांनी नळ बंद केला. आतून विनीत सर पुढच्या प्रवेशासाठी सगळ्यांना हाका मारत होते.

"म्हणजे माझी पोर ऐकत होती," ते म्हणाले.

मग ते पायरीवर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले.