चौदाची पंधरा

"ही बाई बघ. स्वतःच्या आईपेक्षा चार वर्षांनी मोठी आहे," दहाहजारी म्हणाले आणि खुदकन हसले.

समोरच्या टेबलावरची कॅप्टन स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, "आई मुलीपेक्षा मोठी हवी, असं स्कीमात कुणी लिहिलंच नाहीये, काका. यंत्राला कुठून कळणार?"

"तेही खरंच. त्याला बिचाऱ्याला आई कुठे आहे?"

ऑफिसात त्यांना सगळे दहाहजारी म्हणत, कारण ते एका बटणासरशी दहा हजार माणसं जन्माला घालत. काम तसं साधं होतं. कोणत्या रकान्यात काय बसतं आणि काय बसत नाही याचा एक तक्ता असतो, त्याला स्कीमा म्हणतात. तो तक्ता यंत्राला भरवला की यंत्र त्याबरहुकूम खोटी माणसं पाडून देतं. नाव, पत्ता, जन्मदिनांक, सगळं काही असलेली, पण कुठेच नसलेली माणसं. नवं सॉफ्टवेअर आधी त्यांच्यावर चालवून बघायचं, म्हणजे खऱ्या माणसांचे हाल होत नाहीत. या खेपेला शहराच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाचं सॉफ्टवेअर होतं आणि ते दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं. कॅप्टन ही टीमची प्रमुख, वयाने त्यांच्या निम्म्याहून थोडी मोठी. उद्याच्या घाईने सकाळपासून ती कामापुरतंच बोलत होती.

दहाहजारींना मात्र घाई नावाची गोष्ट ठाऊक नव्हती. दहा हजारांतली वीसेक माणसं ते रोज उगाचच वाचत. हा एक्क्याण्णव वर्षांचा अविवाहित गृहस्थ एवढी वर्षं काय करत असेल? या जुळ्यांचे पत्ते दोन वेगळ्या गल्ल्यांतले कसे? भांडले की काय? नसत्या चौकशा करण्याची त्यांना हौस होती आणि या नोकरीत त्या चौकशांचा पगार मिळत होता.

सगळ्यात जास्त गंमत त्यांना नापासांच्या ढिगात वाटे. यंत्र मुद्दाम काही चुकीची माणसंही बनवी, सॉफ्टवेअर त्यांना अडवतं की नाही ते बघायला. आज त्या ढिगात जन्माआधीच मेलेले काही महाभाग होते. ते अडले, ते योग्यच होतं. त्यांच्याखाली आणखी एकोणीस नोंदी होत्या. जन्म आणि मृत्यू एकाच तारखेला. त्याही अडल्या होत्या. समोर लाल अक्षरांत: मृत्यूदिनांक जन्मदिनांकानंतरचा असावा.

दहाहजारींनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"कॅप्टन, हा नियम कुणी घातला गं?"

"कुठला?" तिने मान वर केली. "तो होय. तो आपला नाही. जुन्या सिस्टीमचे नियम जसेच्या तसे उचललेत."

"जुनी म्हणजे किती जुनी?"

"सव्वीस वर्षांची. तीच अजून चालू आहे तिकडे. का?"

दहाहजारी मनात वजाबाकी करत होते आणि उत्तर पुन्हा पुन्हा एकच येत होतं. त्यांची गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची होती.

त्यांना मुलगी झाली होती. चौदा तारखेला पहाटे पाचला ती आली आणि साडेनऊला गेली. बायको दवाखान्यात पडून होती, म्हणून नोंदीला ते एकटे गेले. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, ह्यांनी सांगितलं. त्याने टाईप केलं, थांबला, पुन्हा टाईप केलं आणि कागद पुढे सरकवला. ह्यांनी सही केली. तीन आठवड्यांनी बायकोने तो कागद वाचला. मृत्यू, पंधरा तारीख.

"काय सांगितलंत त्यांना?" तिने विचारलं होतं.

"चौदाच सांगितलं."

"मग हे काय आहे? एवढं एकच काम होतं तुमच्याकडे."

त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही. त्यानंतर मूलही झालं नाही. पण ते एक वाक्य घरात राहिलं. दहाहजारींचा स्वतःवरचा भरवसाही हळूहळू उडाला. त्या सकाळी आपण शुद्धीवर होतो कुठे? तोंडातून पंधरा निघालंही असेल. या शंकेने त्यांना बावीस वर्षं पोखरलं होतं. चारचारदा तपासून बघायची सवय त्यांना तिथूनच लागली आणि पुढे तिच्यावर नोकरी मिळाली.

"कॅप्टन," ते म्हणाले, "त्या कार्यालयात फोन लाव. असं मूल आलं तर ते काय करतात, एवढंच विचार."

"काका, उद्या द्यायचंय. नियम त्यांचाच आहे, ते बघतील की."

"माझी मुलगी साडेचार तास होती," दहाहजारी म्हणाले. "तिच्या कागदावर दुसऱ्या दिवसाची तारीख आहे. ती चूक माझी की ह्या नियमाची, ते मला कळायला हवं."

कॅप्टन त्यांच्याकडे बघतच राहिली. सहा वर्षं समोरासमोर बसून तिला हे माहीत नव्हतं. तिने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"एकाच दिवशीचं ना?" पलीकडचा कारकून आरामात म्हणाला. "ते घेत नाही मशीन. आम्ही पुढची तारीख टाकतो."

"पुढची? आणि हे कधीपासून?"

"पहिल्यापासून. मी लागलो तेव्हा आमच्या साहेबांनीच शिकवलं. एका दिवसाने काय होतंय, मॅडम? लोक त्या वेळी बघतही नाहीत."

कॅप्टनने फोन ठेवला. दहाहजारी बोटांनी टेबलाची कड दाबत बसले होते. त्यांना राग यायला हवा होता, पण आधी आला तो नुसता सुटकेचा श्वास, आणि त्याची त्यांना लाजही वाटली.

"उद्या जात नाही हे," कॅप्टन म्हणाली. "वरच्यांशी मी भांडते. आधी तुम्ही घरी जा, काका."

घरी बायको शिलाई मशीनवर कुणाच्या तरी पडद्यांना टीप घालत होती. भरदुपारी नवरा दारात बघून तिचा पाय थांबला.

"काय झालं? बरं नाही का?"

त्यांनी चपला काढता काढताच सगळं सांगितलं. नीट जमलं नाही. स्कीमा, नापासांचा ढीग, कारकून, सगळं एकात एक झालं.

"म्हणजे तुम्ही चौदाच सांगितलं होतंत," शेवटी ती म्हणाली.

"बहुतेक."

"बहुतेक काय? सांगितलं होतंत." ती पडद्याची सुरकुती हाताने काढत राहिली. "आणि मी बावीस वर्षं तुम्हाला..."

"अगं, मलाच खात्री नव्हती, तर तुला कुठून असणार?"

ती रडली, पण थोडीच. मग डोळे पुसून म्हणाली, "बदलून मिळेल का हो तो कागद?"

नियम बदलायला तीन आठवडे लागले. बदल म्हणाल तर दोनच शब्दांचा होता. "नंतरचा" च्या पुढे "किंवा तोच". पण त्यावर पाच जणांच्या सह्या लागल्या आणि कॅप्टनला वरच्यांची बोलणी खावी लागली. नवं सॉफ्टवेअर सुरू झालं त्याच्या चौथ्या दिवशी नवराबायको काउंटरपुढे उभे होते. आत कुणीतरी तरुण बाई होती. तिने जुनी नोंद काढली, पंधराची चौदा केली आणि यंत्राने ती विनातक्रार घेतली.

"दुरुस्ती कोण मागतंय?" तिने वर न बघता विचारलं. "मयताशी नातं?"

हा प्रश्न दहाहजारींना कुणी बावीस वर्षांत विचारला नव्हता.

"वडील."

"आणि मी आई," मागून बायको म्हणाली.

"एकाचंच लागतं, मावशी. रकाना एकच आहे."

"दोघांचं लिहा."

बाईने आता वर पाहिलं. आधी एकीकडे, मग दुसरीकडे. मग तिने टाईप केलं: वडील व आई. लाल अक्षरं येतात का, म्हणून तिघंही क्षणभर स्क्रीनकडे बघत थांबली. काही आलं नाही. दोघंही त्या एका रकान्यात मावली होती.