वाढत्या अंगाचं नको

इंदूच्या घरात आजवर कोणाच्याही नेमक्या मापाचं काही झालंच नव्हतं. जे व्हायचं ते वाढत्या अंगाचं. लेकीचा, देवश्रीचा शाळेचा फ्रॉक आधी पायांत घोळायचा, आणि नीट बसायला लागला की विरायचा. स्वेटरच्या बाह्या दुमडूनच घालायच्या असतात, असं त्या पोरीला कितीतरी वर्षं वाटत होतं. समता कॉलोनीतल्या बाया वीण शिकायला इंदूकडं यायच्या, तिच्या हाताची तारीफ करायच्या. पण तिच्या स्वेटरात माणूस आणि त्याचा शेजारी दोघंही मावतात, हे मागं हसून बोलायच्याही.

नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, भोपाळहून फायली आल्या, फायलींमागून साहेब आले, आणि अशाच एका नव्या ऑफिसात देवश्रीला नोकरी लागली. राज्याला वर्ष नोव्हेंबरातच पूर्ण झालं होतं. पण ऑफिसचा सोहळा पडला सरकारी. मंडपवाला आणि साहेब दोघंही एकदम मोकळे सापडले ते डिसेंबरात. त्याचं सूत्रसंचालन देवश्रीकडं आलं.

“आई, मले एक जाकीट विणून दे,” ती घरात पाऊल टाकताच म्हणाली. “बिनबाह्यांचं, समोरून बटनांचं. पण वाढत्या अंगाचं नको. एकदम फिटिंगचं.”

“काहून? मागच्या सालचा स्वेटर काय वाईट आहे?”

“त्या ढगळ्यात मी शाळेतली पोट्टी दिसते. ऑफिसात सगळे बिटिया म्हणतात आणि चहाचं सांगायला पाठवतात. साहेबांनी विचारलं काय, तर ‘बिटिया, संभाल लोगी?’ स्टेजवर मले बिटिया नाही व्हायचं, आई.”

पोरीचा आवाज शेवटी जरा कापला. इंदूच्या ते काळजाला लागलं. दुसऱ्याच दिवशी ती गोल बाजारात गेली. रायपुरात लोकर मागितली तर दुकानदार तोंडाकडं पाहतो, ऊन म्हणावं लागतं. आणि ऊन विकत घ्यायची पाळी रायपूरच्या मराठी माणसावर यावी, यासारखा विनोद नाही. तिनं गडद जांभळी लोकर निवडली. घरी येऊन टेपनं माप घेतलं, नीट, श्वास सोडायला लावून.

पण माप टेपवर राहिलं. सुईवर टाके घालताना मोजून थांबायचं, तिथं हात थांबेचना. असू देत चार जास्तीचे. वेणीची वीण कापड आत ओढते, म्हणून आणखी चार. बाई गं, धुतल्यावर आटलं तर? आणखी थोडे. पाठ आणि दोन्ही पुढचे भाग झाले. तिनं ते कच्चे टाचून लेकीच्या अंगावर चढवले, आणि देवश्रीनं दोन्ही बाजूंनी मूठमूठभर जाकीट धरून दाखवलं.

“आई, ये फिर वही है.” रागावली की तिची हिंदी सुरू व्हायची. “रहने दे. मैं बाज़ार से ले लूँगी.”

बाजारातून! इंदूच्या अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यभर सुया चालवल्या त्या काय यासाठी?

रेल्वेतून रिटायर झालेले बाबाराव, तिचे यजमान, पेपरमागून सगळं ऐकत होते. देवश्री आत गेल्यावर ते म्हणाले, “तुले काय वाटून राहिलं इंदू, पोरगी अजून वाढणार आहे?”

“नाही कशी? म्हणजे...” म्हणता म्हणता ती थांबली. लेकीचं लग्नाचं वय झालं होतं, पगार घरात येत होता, आणि आईचा हात मात्र अजून पुढच्या सालच्या पोरीसाठी टाके घालत होता. इंदूला पोरीचा राग आला होता, तो आता स्वतःवर उलटला. तिनं धाग्याचं टोक शोधलं आणि सगळं उसवलं.

उसवलेल्या लोकरीला मोड पडतात, म्हणून तिनं ती लड्या करून धुतली आणि उन्हात टांगली. मग पुन्हा टाके घातले, मापाचे, एकही वर नाही. खाली दोन सुलट दोन उलट अशी घट्ट किनार. कमरेला टाके कमी केले, छातीशी परत वाढवले. पुढं दोन जाड वेण्या आणि कडांना साबुदाण्याची वीण, बारीक दाणे उठलेली. वेणीची जी ओढ इंदू आजवर जास्तीच्या टाक्यांनी मारत आली होती, तिलाच यावेळी कामाला लावलं. रोज सकाळी देवश्री स्कूटीची किल्ली हातात घेऊन अंग ताठ करून उभी राहायची आणि इंदू विणलेला तुकडा तिला लावून बघायची. शिवलेल्या कपड्यात थोडं कापड आत दाबून ठेवता येतं; विणलेल्यात चुकलं की उसवणं आलं, आणि आता उसवायला दिवस नव्हते.

सोहळ्याच्या सकाळी शेवटचं बटण लागलं. “श्वास घे,” इंदू म्हणाली. “मोठा. आता बोलून दाखव.” देवश्रीनं सुरुवातीची दोन वाक्यं खणखणीत म्हटली. वेण्या श्वासाबरोबर फुलल्या आणि परत जागेवर आल्या.

तेलीबांध्याच्या तलावाकडून संध्याकाळी गार वारा सुटला होता. मंडपात इंदू आणि बाबाराव मधल्या रांगेत बसले. देवश्री माइकपाशी आली तेव्हा इंदूनं आधी जाकिटाकडं पाहिलं, खांदे, कंबर, बटणं. आणि मग जाकीट विसरूनच गेली. पोरगी बोलत होती आणि लोक ऐकत होते. मधेच लाइट गेली, माइक मुका झाला. देवश्री थांबली नाही. तिनं आवाज चढवला आणि पुढच्या वक्त्याला तसंच बोलावून घेतलं. जनरेटर सुरू झाल्यावर साहेब स्वतः म्हणाले, “मैडम, आप चलने दीजिए, बहुत बढ़िया.”

इंदूच्या शेजारी भोपाळहून आलेल्या कोणा साहेबांच्या बाई बसल्या होत्या. त्या वाकून म्हणाल्या, “उन मैडम की जैकेट कितनी सुंदर है! कहाँ से ली होगी?”

बाबारावांनी हळूच कोपर लावलं, जरा दमानं म्हणून. पण इंदूचा ऊर असा भरून आला होता की आवाज आपोआपच मोठा निघाला. पुढच्या दोन रांगा वळून बघतील इतका.

“जाकीट मैंने बुना है,” ती म्हणाली. “और मैडम भी मेरी है.”