दोन इन्व्हर्टरचं घर

पद्मजाबाई रिक्षातून उतरल्या त्या पिशवी छातीशी धरूनच, कारण पिशवीत दोन नारळ होते. नवं यंत्र घरात आलं की त्याला हळदकुंकू लावायचं आणि नारळ वाढवायचा, ही त्यांच्या सासरची रीत. सायकलपासून वॉशिंग मशीनपर्यंत कुणीही तिच्यातून सुटलं नव्हतं. आज दोन इन्व्हर्टर बसायचे होते, म्हणून नारळही दोन. नरेंद्ररावांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, सकाळी बजावलं होतं, "तू नको येऊ, तिकडे लई धूळ आहे." पण ज्या इन्व्हर्टरपायी पाच महिने डोकं शिणवलं, ते बिनकुंकवाचे सुरू व्हावेत हे बाईंना पटेना. नवरा ऑफिसला गेला आणि त्या सदर बाजारातल्या घरून निघाल्या.

नवं घर शहराबाहेर, उरला गावच्या कारखान्यांच्या पलीकडे होतं. दोन खोल्या, ओटा, समोर हापसा. विजेचे खांब दीड किलोमीटर अलीकडेच संपत होते, आणि पुढची लाइन कधी येईल हे विचारण्यात अर्थ नव्हता, म्हणून सगळी वीज सूर्याचीच घ्यायची ठरली. या दोन खोल्यांसाठी पद्मजाबाईंनी अठ्ठावीस वर्षं कळ काढली होती. लग्न होऊन त्या आल्या त्या कापडाच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत, नवरा आणि त्याचे मोठे भाऊ यशवंतराव यांच्या संसारात. यशवंतरावांची बायको लवकर गेली, मुलगा ऋषिकेश भिलाईला नोकरीला लागला, आणि दादांचं सगळं पद्मजाबाईंकडे आलं. दादा माणूस वाईट नव्हते. त्यांना फक्त सगळं गरम लागायचं. रात्री आठला ताट, आणि पोळी तव्यावरून थेट ताटात. शाळेत दिवसभर मुलींना विज्ञान शिकवून आलेल्या बाईंनी अठ्ठावीस वर्षं ती पोळी थेट ताटात टाकली, कारण नवऱ्याने शब्द दिला होता. तू निवृत्त झालीस की दादा ऋषिकेशकडे जातील आणि आपण दोघं आपल्या घरात जाऊ. त्या गेल्या उन्हाळ्यात निवृत्त झाल्या.

मग त्यांनी जे काही मनावर घेतलं ते विचारू नका. शाळेची वही काढून घरातल्या प्रत्येक वस्तूला किती वीज लागते ते लिहिलं. फ्रिज, मिक्सर, तीन पंखे, कूलर, एक अश्वशक्तीचा पंप. पंप सुरू होताना क्षणभर तिप्पट-चौपट वीज ओढतो, हे कळल्यावर त्यांची एक रात्र झोपेविना गेली. शेवटी त्यांनी ठरवलं की एक मोठा इन्व्हर्टर घ्यायचा नाही, तीन-तीन किलोवॉटचे दोन घ्यायचे आणि जोडायचे. मे महिन्यात एक बंद पडला तर दुसऱ्यावर निदान पंखे चालतील. पण जोडायचे तर दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे हवेत, आणि मुळात जोडता येणाऱ्या जातीचे हवेत. बॅटऱ्यांचा संच दोघांत मिळून एकच, आणि बॅटरीपासून दोघांकडे जाणाऱ्या तारा सारख्या लांबीच्या, नाहीतर एकावरच जास्त ओझं पडतं. जेवणं झाली की त्या नवऱ्याला हे समजावत. नरेंद्रराव टीव्हीचा आवाज कमी करून ऐकत आणि म्हणत, "वा! आमची बायको इंजिनिअर झाली." असं रोज त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं जाई, आणि विज्ञानाच्या बाई खुशाल चढत.

दार उघडंच होतं. गुढियारीत सोलरचं दुकान चालवणारा पियुष स्टुलावर चढून भिंतीत स्क्रू फिरवत होता. चाळिशीचा माणूस, त्याची बहीण बाईंच्या शाळेत शिकलेली, त्यामुळे तो त्यांना मॅडम म्हणायचा. भिंतीवर पांढरा, डब्याएवढा एक इन्व्हर्टर होता.

"अरे मॅडम! तुम्ही काहून आल्या? साहेब तर बोलले, मॅडम नाही येणार."

"आले. दुसरा कुठं आहे?"

"दुसरा कोणता?"

"दुसरा इन्व्हर्टर, बाप्पा! दोन आहेत ना? जोडीचे."

पियुष स्टुलावरून उतरला. हात पुसायचं कारण नव्हतं, तरी त्याने पँटला पुसले. "एकच आहे, मॅडम. एक किलोवॉटचा. साहेबानं एकच सांगितला होता."

"काहीतरी चुकलं. हा तर पंपच उचलणार नाही."

"पंप नाही लावायचा."

"मंग फ्रिज?"

पियुषने खिशातून मोबाइल काढला, बराच वेळ मागे सरकवला आणि त्यांच्या हातात दिला. नरेंद्ररावांचा मेसेज होता, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचा. चार बल्ब, एक पंखा, एक कॅमेरा, चौकीदाराचं मोबाइल चार्जिंग. बस. त्याखाली आणखी एक ओळ होती. ‘मैडम फोन करेंगी, जो पूछें बता दीजिएगा. उनका मन लगा रहता है.’

पद्मजाबाईंनी ती ओळ दोनदा वाचली. त्यांना आधी राग आला नाही, लाज वाटली. पाच महिने आपण वहीत आकडे मांडत बसलो, आणि नवरा लहान पोट्टीला खुळखुळा द्यावा तसा तो हिशेब आपल्या हातात देऊन मोकळा झाला होता. आणि हे या दुकानदारालाही माहीत होतं.

"तू मले अर्धा-अर्धा तास फोनवर समजावून सांगत होता," त्या म्हणाल्या.

"हव, मॅडम." त्याचा चेहरा पडला होता. "मले वाटलं, पुढं कधी लावाल तुम्ही. पण जे सांगितलं ते खरं सांगितलं. जोडणीचं एक अक्षर खोटं नाही सांगितलं."

हे बोलून त्याने बाहेर जाऊन साहेबांना फोन लावला, आणि अर्ध्या तासात नरेंद्ररावांची स्कूटर ओट्याला लागली. आत येताना त्यांनी आधी पियुषकडे असं पाहिलं की जणू चूक त्याचीच.

"अगं, मी सांगणारच होतो," ते म्हणाले. "उरलाचा एक ठेकेदार आहे, त्याले सामान ठेवायले पाहिजे घर. एक तारखेपासून त्याचा चौकीदार राहील इथं. ऋषिकेशनं दादाले ठेवायले साफ नाही म्हटलं. आता म्हाताऱ्याले मी कुठं टाकू? दादा रडून राहिला होता. मी शब्द दिला त्याले, पद्मजा कुठं जाणार नाही."

"केव्हा दिला?"

"दसऱ्याले."

"आणि मले दिला होता तो?"

"तुझा काय पळून चालला? बघू ना पुढं."

"मंग मले काहून बसवलं गणितं करत?"

नरेंद्रराव हसले. खरंच हसले, अगदी मायेने. "तू खूश दिसत होती. वही घेऊन बसायची, फोन करायची. मले वाटलं, मन लागून राहिलं तर लागू दे."

हेच बाईंना जिव्हारी लागलं. तोंडावर नाही म्हटलं असतं तर त्या भांडल्या असत्या, चार दिवस अबोला धरला असता, आणि शेवटी दादांच्या म्हातारपणाकडे पाहून निमूट राहिल्याही असत्या. त्यांना स्वतःचा स्वभाव ठाऊक होता. पण कुणी विचारलंच नव्हतं. परस्पर त्यांचा शब्द देऊन टाकला, वर त्यांची करमणूकही केली. केसाने गळा कापणं म्हणतात ते याहून काय वेगळं असतं?

बायको गप्प आहे म्हणजे वादळ सरलं, असा नरेंद्ररावांचा जुना अनुभव. ते मोठ्या मनाने म्हणाले, "एवढंच मनात असेल तर याच्याच बाजूले आणखी एक मोठा लावून देतो तुले. काय पियुष, जुडेल ना?"

उत्तर बाईंनीच दिलं. "नाही जुडत. हा जोडायच्या जातीचाच नाही. आणि लहान-मोठे तर एकमेकांना जुडतच नाही. हे मी तुम्हाले दिवाळीत सांगितलं होतं. फराळ करता करता. तुम्ही ‘बरोबर’ म्हणाले होते."

नरेंद्ररावांना दिवाळीतलं काही आठवेना.

"पियुष, याच्यावर काय काय चालते?"

"चार लाइट, मॅडम. दोन पंखे. मोबाइल. पाणी हापश्याचं."

"आज सुरू होईल?"

"हव. तासाभरात."

"मंग कर. मी इथंच राहते." त्या नवऱ्याकडे वळल्या. "ठेकेदाराले सांगा, घरात माणूस राहते."

नरेंद्ररावांनी खोलीभर नजर फिरवली. खोलीत खाट नव्हती, चादर नव्हती, दाराला साधी कडी होती. सगळ्यात जवळचं घर दोन शेतं ओलांडून. पद्मजाबाई उभ्या राहिल्या आणि वाट पाहू लागल्या, कारण आता ते काहीतरी विचारणार हे उघड होतं. एकटी कशी राहशील, भीती नाही का वाटणार, अंगावर काय घेशील. यातलं एक जरी त्यांनी विचारलं असतं तरी त्या स्कूटरवर मागे बसून परत गेल्या असत्या. अठ्ठावीस वर्षांची सवय काही लहान नसते.

नरेंद्ररावांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"आणि दादाच्या जेवणाचं कसं?"

पद्मजाबाईंनी आतल्या खोलीत जाऊन कोपऱ्यातला झाडू उचलला आणि खिडकीखालची, आपण झोपू तेवढी जागा झाडायला घेतली.