ठणठणीत

कुंभारबुवांच्या दुकानातून माठ घ्यायचा तर आधी त्यांची टिचकी खावी लागे. गिऱ्हाइकाला नव्हे, माठाला! माठ कानाशी धरायचा, बोट वाकवून टकटक करायचं आणि निकाल द्यायचा. नाद घुमला तर ‘ठणठणीत!’, कुठे बारीक चीर असून तो बसका वाजला तर ‘बद्द!’ बद्द माठ तिथल्या तिथे फोडायचा, हा त्यांचा खाक्या.

गेली काही वर्षं मात्र बुवांना ना ठण ऐकू येई, ना बद्द. कानांनी कधीच संप पुकारला होता. समोरच्याचे ओठ बघून ते वेळ मारून नेत. खरं सांगितलं तर गादी गेली, आणि गादी गेली की घरात भिंतींकडे बघत बसायचं. त्यापेक्षा दिसेल त्या माठाला ते ‘ठणठणीत!’ म्हणून मोकळे होत, तेही एवढ्या दणक्यात की माठाची काय बिशाद मध्ये बोलायची!

गंमत म्हणजे एकाही माठाची तक्रार आली नाही. आधी बुवांची छाती फुगली. मग मनात शंका शिरली. भट्टी म्हटली की चार-दोन माठ तडकणारच, ते जातात कुठे? भट्टी उतरवते लेक. मांडणीवर माठ लावते तीच.

एकदा एका बाईंसाठी लेकीने माठ पुढे केला. बुवांनी टकटक केली आणि खरं काय ते बघायला मुद्दामच, बेधडक म्हणाले, “बद्द!”

बाईंच्या भुवया वर गेल्या. त्यांनी माठाकडे पाहिलं, मग लेकीकडे. लेकीने माठ घेऊन स्वतः वाजवला. बाई तोंड उघडणार तोच ती म्हणाली, “हो बाबा, बद्दच आहे.”

आणि बाहेर नेऊन तिने तो माठ फोडला.

बुवा काय ते समजले. माठ चांगला खणखणीत वाजला होता, बाईंनी तो ऐकला होता, आणि लेक बापासाठी धडधडीत खोटं बोलली होती. एवढ्या माठांच्या दुकानात खरा माठ कोण, हेही आज कळलं. लाज वाटली. लेकीची माया अशी दाटून आली की खांद्यावरचं फडकं डोळ्यांना लावावं लागलं.

लेक परत आली आणि त्यांच्याकडे बघून काहीतरी विचारू लागली. भरल्या डोळ्यांना तिचे ओठ दिसेनात. पण तब्येतीचंच विचारत असणार, आणि ते उत्तर बुवांना पाठ होतं.

“ठणठणीत!” ते म्हणाले.

आवाज अगदी बद्द आला. लेकीने तो ऐकला आणि दुसरा माठ त्यांच्यापुढे सरकवला.