पांढरं पाणी

आमच्या बेटावर शार्क गळानं धरत नाहीत, हाक मारून बोलावतात. होडीतून करवंट्यांचा खुळखुळा पाण्यात हलवायचा, हिना देवीला लाडीगोडी लावायची, आणि शार्क वर आला की त्याच्या गळ्यात फास टाकायचा. होडी परतेपर्यंत गावानं आवाज करायचा नाही. होडीवाल्याच्या बायकोनं तर घरात चटईवर निपचित पडून राहायचं. ती हलली की शार्क बिथरतो, म्हणे.

माझी बहीण पिसिला हलली. उठून किनाऱ्याकडे पळाली, आणि त्याच दुपारी तिचा नवरा वाइंगा तीन सोबत्यांसह होडीसकट नाहीसा झाला. वारा नव्हता, लाट नव्हती. फळीचा तुकडासुद्धा हाती लागला नाही. हिनानं नेली, पिसिलामुळे नेली, असं ठरवून गाव मोकळं झालं.

मी तेव्हा सासरी, दुसऱ्या बेटावर होते. आले तर पिसिला एकटीच झाडाच्या सालीचं कापड कुटत बसलेली. ज्या ओंडक्याभोवती सगळ्या बाया दाटीवाटीनं बसायच्या, तिथं एकच ठोका. टक. मग समुद्राची गाज. मग टक. तिच्या हातचं कोणी खात नव्हतं. माझ्या बहिणीला जिवंतपणी पुरलं होतं त्यांनी, आणि रविवारी चर्चमध्ये तोंड वर करून गात होते.

मग केलेपी आला. म्हाताऱ्या फोनुआचा पुतण्या, समुद्रातले ज्वालामुखी शिकलेला. कावा, म्हणजे मुळांचं पेय, पिण्याच्या बैठकीत त्यानं पाण्यानं भरलेलं पिंप ठेवलं, त्यात खडे भरलेली एक करवंटी तरंगत सोडली. सांगितलं, आपल्या पाण्याखाली एक डोंगर जळतोय, तो अधूनमधून श्वास सोडतो. पाण्यात बुडबुडे भरले की पाणी हलकं होतं, फेस होतो. फेस होडी पेलत नाही. मग पाणबुड्याच्या टाकीची नळी त्यानं तळाशी धरली. पिंप पांढरं झालं. करवंटी जराशी डुलली आणि आवाज न करता खाली गेली.

मला त्या करवंटीत वाइंगा बसलेला दिसला. हातात खुळखुळा, चेहरा शांत, ढगात उतरावं तसा पांढऱ्यातून खाली खाली चाललेला. कावाची वाटी भरणारा हात थांबला.

"म्हणजे पिसिलाचा दोष नाही म्हणतोस?" फोनुआनं विचारलं.

"काका, तिची चटई शार्कला कुठून दिसायची?"

दोघं-चौघं हसले. मला वाटलं, सुटली माझी बहीण. पण केलेपी पुढं म्हणाला, डोंगर एकदम फुटत नाही, पाणी आधी रंग बदलतं. दुधाळ, हिरवट होतं. कुजक्या अंड्यांचा वास सुटतो. किनाऱ्यावरून कोणाला तरी दिसलं असणार.

पिसिला दारात उभी होती. तिथूनच बोलली.

"दिसलं होतं. ओरडून परत बोलवायलाच पळाले होते. तुम्ही तोंड दाबलंत माझं. लेसिएली, हात तुझा होता."

लेसिएली तिची शेजारीण. ती आपल्या तळव्याकडे बघत राहिली.

"आवाज करायचा नसतो," फोनुआ म्हणाला, तेही कावाच्या कुंड्याकडे बघून.

म्हणजे त्या दुपारी अख्खं गाव किनाऱ्यावर उभं होतं. पांढरं पाणी सगळ्यांना दिसत होतं, वास सगळ्यांच्या नाकात होता, आणि चार माणसं बुडेपर्यंत सगळ्यांनी रीत पाळली. मग आळ हिनावर. ती थोडीच भांडायला येते! आणि उरलेला पिसिलावर, कारण तिला भांडू द्यायचं नव्हतं.

माफी कोणी मागितली नाही. फोनुआनं एवढंच विचारलं, आता होडी निघाली की बायकांनी काय करायचं?

"बाकीच्यांचं मला माहीत नाही," पिसिला म्हणाली. "मी झोपणार नाही."

पुढच्या हंगामात होडी निघाली. दारं लागली, कोंबड्यासुद्धा झाकल्या. पिसिला शंख घेऊन खडकाच्या टोकाला उभी राहिली. कोणी अडवलं नाही. मी मागं बसले. ऊन पाण्यावर पेंगत होतं, लांबून खुळखुळा झोपेत ऐकल्यासारखा येत होता.

थोड्या वेळानं लेसिएली आली. जरा अंतर ठेवून उभी राहिली.

"निळं आहे ना?" तिनं हळूच विचारलं.

पिसिलानं शंख या हातातून त्या हातात घेतला.

"अजून निळंच आहे," ती म्हणाली. "तू त्या बाजूला बघ."