एका बटणाला एक ओळ

काकूंनी काकांच्या कोटाचं सगळ्यात खालचं बटण चिमटीत धरून ठेवलं होतं आणि काका काही केल्या ओळ म्हणेनात. शेवटी काकूंनीच हळू आवाजात सुरुवात करून दिली, "टिकटिक टिकटिक..." काकांचा चेहरा उजळला. "दुकान माझं, वेळेवर उघडतं," ते म्हणाले, आणि बटण काजात गेलं.

आमच्या फिरत्या कंपनीत प्रयोगाआधी हे रोज चालायचं. कंपनी म्हणजे काय, तर एक टेम्पो, प्रवासात हमखास बेसूर होणारा एक पियानो आणि एकमेकांवर रुसत-फुगत एकत्र राहिलेली मूठभर माणसं. एका तिकिटात आम्ही दोन विनोदी संगीतिका दाखवायचो. पहिली एका विधुर घड्याळजीची. मुलीला मागणी घालायला येणाऱ्या प्रत्येकाला हा आधी किती वाजले ते विचारतो, आणि उत्तर एका मिनिटाने जरी चुकलं तरी दार दाखवतो. दुसरी एका न्यायाधीशाची, ज्याला ऐन निकालाच्या वेळी शिंका येतात. दोन्हींत मुख्य काम काकांचं. काकू त्यांच्या पत्नी, आणि कंपनीचा कपडेपट त्यांच्याकडे. पडदा वर असताना विंगेच्या पुढे पाऊल टाकायचं नाही, हा काकूंनी स्वतःच घालून घेतलेला नियम होता.

मी पियानोवाला, म्हणजे सगळ्यांच्या चुका झाकायला ठेवलेला माणूस. बटणांच्या त्या लाडांवरून काकूंची थट्टा करण्यात मी सगळ्यांच्या पुढे असायचो. एकदा त्यांनी मला बाजूला घेतलं. काकांचा गळा आहे तसाच आहे, पण आठवण दगा देते, असं त्यांनी सांगितलं. बटण लागलं की ओळ लागते, आणि एकदा गाडी रुळावर आली की पुढचं गळाच सांभाळतो. मी पियानोवर असतो, तेव्हा मला ठाऊक असलेलं बरं.

"मॅनेजरांना कळू देऊ नका," त्या म्हणाल्या. "ह्यांचं गाणं काढून घेतलं तर ह्यांच्याजवळ राहील काय?"

मी तोंड बंद ठेवलं. त्या वर्षी काकूंनी डोळ्यांत तेल घालून काकांचं गाणं सांभाळलं, आणि पाहुण्यांची हौस आडवी आली नसती तर हंगाम निभावलाही असता.

त्या गावातले प्रमुख पाहुणे म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश. त्यांना न्यायाधीशाचाच खेळ बघायचा होता आणि लवकर घरीही जायचं होतं. आयोजकांनी क्रम उलटा करायला सांगितला. मॅनेजरांनी तिथल्या तिथे मान डोलावली. काकूंचा चेहरा मात्र उतरला.

पण न्यायाधीशाचा खेळ छान रंगला. काकांची एकेक शिंक तालात पडली आणि निवृत्त न्यायाधीश डोळे पुसत पुसत हसले. मध्यंतरात काकूंनी घड्याळजीच्या कोटाची बटणं दोनदा लावली. सगळ्या ओळी आल्या, तेव्हा माझाही जीव भांड्यात पडला.

पडदा वर गेला. काका घड्याळांच्या दुकानात आले, स्टुलावर बसले, खिशातून रुमाल काढला आणि शिंकले. इतकी वर्षं मध्यंतरानंतर ते न्यायाधीशच होत आले होते. अंगवळणी पडलेलं कसं सुटणार? "आरोपीला हजर करा," त्यांनी भरदार आवाजात गायला सुरुवात केली. मुलीचं काम करणारी आमची नायिका म्हणाली की बाबा, गिऱ्हाईक आलंय. काकांनी तिला दरडावलं की साक्षीदाराने मध्ये बोलायचं नाही. लोक खदखदून हसले. मी घड्याळजीची चाल जोरात वाजवू लागलो. ती ऐकून काका थांबले, आणि थांबलेच. भिंतीवरच्या घड्याळांकडे ते असे बघत होते, जणू विचारताहेत, की हे कुणाचं घर आणि आपण इथे कसे आलो. लोकांचं हसू विरत चाललं.

तेवढ्यात काकू आल्या. गळ्यात टेप, छातीवर टाचण्या, नाकावर चष्मा, अशाच त्या रंगमंचावर चालत गेल्या. त्यांनी काकांच्या कोटाची सगळी बटणं सोडली आणि खालपासून पुन्हा लावायला घेतली. पहिलं बटण, "टिकटिक टिकटिक." दुसऱ्याला काका पुटपुटले. तिसऱ्याला त्यांचा सूर लागला, मी तो उचलला, आणि गळ्याजवळचं बटण लागेपर्यंत काका पूर्ण आवाजात गात होते. सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. घड्याळजी विधुर आहे हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

मॅनेजर काही खुळे नव्हते. झाला प्रकार त्यांना पुरता कळला होता, आणि ते माणूसही वाईट नव्हते. खेळ संपल्यावर कपडेपटात येऊन ते म्हणाले, "काकू, हे रोजच ठेवू या. तुम्ही घड्याळजीची बायको म्हणून या, बटणं लावा. काकांचं काम राहील, लोकही खूष."

काकू वर्षभर ज्यासाठी झटत होत्या ते आपण होऊन चालत आलं होतं. मला वाटलं, आता त्या हो म्हणणार. पलीकडे काका रंग पुसत गुणगुणत होते. काकू छातीवरच्या टाचण्या एकेक करून उशीत खोचत राहिल्या.

"आज लोक घड्याळजीला हसले," त्या म्हणाल्या. "त्यांना काही ठाऊक नव्हतं. आपल्याला आहे. ह्यांनी रोज अडावं आणि लोकांनी त्यावर हसावं, हे मी नाही बघू शकणार."

"मग त्यांचं गाणं?" मॅनेजरांनी विचारलं.

"घरी गातील. तिथे चुकलं तरी ऐकायला मी एकटीच."

दुसऱ्या दिवशी तिथेच आणखी एक प्रयोग होता, नेहमीच्या क्रमाने. दोन्ही कामांना मॅनेजर स्वतः उभे राहिले. मध्यंतरात काकूंनी त्यांच्या पोटाला न्यायाधीशाचा झगा कसाबसा पुरवला, त्यांना विंगेत उभं केलं आणि काकांच्या दंडाला धरून त्या प्रेक्षकांत जाऊन बसल्या. आमचा खेळ समोरून त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

पियानोवरून मला दोघं दिसत होती. मॅनेजरांची एक शिंक तालात पडेल तर शपथ. पण काका पोट धरून हसत होते, आणि ते बघून मला हसू येत होतं आणि रडूही.

खेळ संपला. टाळ्या सुरू झाल्या, मॅनेजर पुढे आले. तेवढ्यात खाली काका उठले. त्यांनी कोट ओढून सारखा केला, छातीवर हात ठेवला आणि कमरेत वाकून अभिवादन केलं. मागचे लोक माना उंचावून बघू लागले. एकटा माणूस उभा राहिला की लोकांच्या डोळ्यांवर येतो; जोडपं उठलं तर वाटतं, घरी निघालेत. काकू झटकन उठल्या, पर्स खांद्याला लावली, आणि टाळ्या संपेपर्यंत काकांच्या शेजारी उभ्या राहिल्या.