विनोदिनी हे नाव कुठून आलं

बायको वारल्याचं मला सुर्ल्याला खाणीच्या वजनकाट्यावर कळलं. १९९४ सालचा फेब्रुवारी होता, मंगळवार. ट्रक काट्यावर उभा होता. काट्यावरच्या कारकुनाने आधी वजन लिहून घेतलं, मग सांगितलं की म्हापशाच्या इस्पितळातून फोन होता. ती शिरगावला एका म्हातारीला भेटून परत येताना डिचोलीच्या बसस्टँडवर पडली होती. भरलेला ट्रक काट्यावर सोडता येत नाही. मी आधी माल खाली केला.

इस्पितळात तिची पिशवी मिळाली. पिशवीत वही आणि बावीस बायकांची उत्तरं होती.

ती टपालाने बी. ए. करत होती. विषय होता आंतरराष्ट्रीय अभ्यास. चाळिसाव्या वर्षी हे कशाला, असं आमच्या गावात, इब्रामपुरात, सगळ्यांनी एकेकदा विचारून घेतलं होतं. दुकानदार गोकुळदास रोज विचारायचा, "वहिनी, आज अमेरिका काय म्हणता?"

"तुमच्या तराजूची चौकशी करता," ती म्हणायची आणि साखर पुन्हा तोलून घ्यायची.

शेवटच्या वर्षाला प्रकल्प होता. बाकीचे विद्यार्थी मोठमोठ्या देशांवर लिहीत होते. हिने आमची हद्द घेतली. पोर्तुगीज होते तेव्हा गावापलीकडे दुसरा देश होता, आणि तिकडच्या मुली लग्न होऊन इकडे यायच्या. माझी आई आनंदी त्यातलीच. देश आणि नाव दोन्ही एकाच दिवशी बदललं, असं बायकोने वहीत लिहिलं होतं. नाव कोणी बदललं आणि का, हा तिचा शेवटचा प्रश्न असायचा. त्यावर आईने सांगितलं होतं, "माका कोणी इचारूकच नाय."

बायकोही हद्दीपलीकडची, दोडामार्गाकडची, पण आमचं लग्न चौऱ्याहत्तर सालचं. तोवर हद्दीवर शिपाई उरला नव्हता. नाव मात्र बदललं. ताटात तांदूळ पसरून मी अंगठीने विनोदिनी लिहिलं. त्याआधी ती शेवंती होती.

पंधरा दिवसांनी विद्यापीठाचं पत्र आलं. शेवंती पांडुरंग दळवी यांनी एकतीस मार्चपर्यंत प्रकल्प पाठवावा. मॅट्रिकच्या दाखल्यावर तेच नाव असल्यामुळे तिने प्रवेश त्याच नावाने घेतला होता.

मी मृत्यूचा दाखला घेऊन अभ्यासकेंद्रात गेलो. तिथे सुविधा नावाची मुलगी होती. तिने दाखला वाचला, रजिस्टर वाचलं, पुन्हा दाखला वाचला.

"काका, या विनोदिनी गावस. यांचं नाव आमच्याकडे नाही."

मी म्हटलं, तीच शेवंती.

"दोघी एकच, असं प्रतिज्ञापत्र आणा. मग आम्ही नाव कमी करू."

आणि नाही आणलं तर काय, असं मी विचारलं. तिने दाखला माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाली, "तर त्या आमच्या विद्यार्थिनी आहेत. त्यांना एकतीस मार्चपर्यंत मुदत आहे."

परत येताना पेडण्यात वकिलाची पाटी दिसली. मी बसमधून उतरलो नाही.

घरी येऊन वही काढली. सगळं लिहून झालं होतं. फक्त शेवटी एक पान होतं, त्याला तिने 'नवऱ्याची बाजू' असं नाव दिलं होतं. खाली एकच प्रश्न होता: बायकोचं नाव का बदललंत? त्याखाली माझं नाव, कृष्णनाथ गावस, आणि रिकाम्या ओळी.

शिरगावला जायच्या आदल्या दिवशी भाकरी वाढताना ती म्हणाली होती, "तुमचां पान तेवडां रवलां."

मी म्हटलं होतं, "फाल्यां सांगतंय."

ती हसली. वीस वर्षं मी हा प्रश्न असाच उद्यावर ढकलत होतो.

मोठं कारण काही नव्हतं. लग्नाच्या वेळी मी मालकाच्या ट्रकवर क्लीनर होतो. ट्रकच्या कपाळावर मालकाच्या मुलीचं नाव रंगवलेलं होतं, विनोदिनी. रोज सकाळी मी ते फडक्याने पुसायचो. मांडवात भटजींनी घाई केली, दुसरं नाव सुचलं नाही. हे तिला सांगायची लाज वाटायची. तिला शेवंती नाव आवडत होतं का, हेही मी विचारलं नाही.

आईला मी हे परवा सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "मगे लिही तसा. तिणा इचारलां हा."

आज सव्वीस मार्च. पाकिटावर पत्ता लिहून तिकिटं लावली आहेत. प्रतिज्ञापत्र केलेलं नाही. माझ्या पानावर 'ट्रकवरून घेतलं' एवढंच लिहायचं आहे, ते अजून लिहिलेलं नाही.